आज पाळी कोणाची?

प्रश्न : ताई, मी मूळचा अमळनेरचा. पुण्यात एका मोठ्या विमा कंपनीच्या सॉफ्टवेअर विभागात टेस्टिंगचं काम बघतो. आमच्या अकरा टीम आहेत आणि सगळ्यांना मिळून टेस्ट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे नवं सॉफ्टवेअर तपासायची वेगळी यंत्रणा, दोनच: एक एसआयटी (सगळे भाग जोडून तपासायला) आणि एक यूएटी (वापरणाऱ्यांनी शेवटी तपासायला). सकाळी चाललेली गोष्ट दुपारी बंद पडते. कोणी न सांगता नवं बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, टाकतं, कोणी डेटाबेस जुन्या बॅकअपवर नेतं, आणि ज्याचं काम मध्येच अडलं तो ग्रुपवर चिडतो. कानबाईच्या सणाला दोन दिवस गावी आलो, तर रोट खातानाही फोन चालूच. बुकिंगसाठी एक्सेल शीट केली होती. आठवडाभरानंतर ती कोणी उघडली नाही. आता मॅनेजर म्हणतात, तिसरं एन्व्हायर्नमेंट मागू. त्याने सुटेल का हे?

उत्तर : भाऊ, तिसरं आत्ता मागू नका. दोन ठिकाणी काय चाललंय हे तुम्हाला सांगता येत नाही, तर तिसरीकडचंही सांगता येणार नाही. मग कोणतं बिल्ड तीनपैकी कुठे आहे, हे शोधण्यातच सकाळ जाईल.

माझं माहेर साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठावर. आपल्याकडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली आहे, तुम्हीही ऐकलं असेल. नदीवर बंधारा, तिथून कालवा, आणि खालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. आमच्या घरी याबद्दल बोलणं व्हायचं तेव्हा मला एकाच माणसाचं नवल वाटायचं, ते म्हणजे पाटकरी. शेत तुमचं असलं, पीक तुमचं असलं, तरी चारीचं तोंड तुम्ही उघडायचं नाही. उघडणार तो आणि बंद करणारही तोच. वडील त्याला रस्त्यात गाठून विचारायचे, "आज पानी कोनं शे?" तो उभ्या उभ्या सांगायचा, आणि त्याचा शब्द चालायचा, कारण त्याला गावाने नेमलेलं असायचं.

तुमच्या अकरा टीममध्ये हा माणूस नाही. एक्सेल शीट पडून राहिली त्याचं कारणही हेच. शीटमध्ये नाव लिहिलं काय आणि न लिहिलं काय, बिल्ड टाकायला कोणालाच अडवणूक नव्हती. म्हणून पहिलं काम, एक जण नेमा. इतर सगळी कामं सांभाळून "हेही बघ" असं म्हणून नाही, तर हेच त्याचं मुख्य काम असेल असा. 'नाही' म्हणायचा अधिकार त्याला लेखी द्या, आणि त्या कागदावर सगळ्या टीमच्या वरिष्ठांची सही घ्या. सही नसेल तर पहिल्याच मोठ्या रिलीजच्या आठवड्यात कोणीतरी साहेब त्याला बाजूला सारतील. हे मी दोनदा पाहिलं आहे.

आता पाळी कशाची लावायची? इथे बहुतेक जण चुकतात. अख्खं एन्व्हायर्नमेंट दिवसभरासाठी एका टीमला दिलं तर बाकीच्या दहा टीम बसून राहतात. रोजच्या कामाला पाळी लागतच नाही. एकाच वेळी पन्नास जण पॉलिसी काढून बघत असले तरी काही बिघडत नाही. पाळी लागते ती इतरांच्या पायाखालची जमीन हलवणाऱ्या मोजक्या कामांना. डेटाबेस मागे नेणं, रात्रीची बॅच (एकदम हजारो नोंदींवर आपोआप चालणारं काम) दिवसा चालवणं, लोड टेस्ट (मुद्दाम खूप ताण देऊन बघणं), सगळे वापरतात अशा सर्व्हिसचं नवं बिल्ड, आणि तारीख पुढे ढकलणं. या पाच कामांसाठी आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगायचं, एवढं केलं तरी पुष्कळ शांतता येते.

तारखेचं जरा सविस्तर सांगते, कारण विम्यात हे टळत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी अशाच एका मोठ्या कंपनीत होते. नूतनीकरणाच्या टीमला पुढच्या वर्षीचा हप्ता कसा पडतो ते तपासायचं होतं. त्यांनी सर्व्हरचं घड्याळच अकरा महिने पुढे नेलं आणि कोणालाही सांगितलं नाही. तेवढ्यात दाव्यांच्या टीमचं लॉगिन बंद. लॉगिननंतर मिळणाऱ्या टोकनवर, म्हणजे डिजिटल पासवर, ते कधी संपणार ती वेळ लिहिलेली असते, आणि अकरा महिने पुढे गेलेल्या मशीनला ते केव्हाच संपलेलं दिसतं. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटचंही तसंच. विंडोज डोमेनच्या (कंपनीच्या एकत्र जोडलेल्या संगणकांच्या) लॉगिनमागे कर्बेरॉस नावाची ओळख तपासायची पद्धत असते, ती तर मूळ सेटिंगमध्ये घड्याळांतला 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवूनच घेत नाही. आम्ही तीन दिवस दाव्यांच्या कोडमध्ये चूक शोधत होतो. माझ्याबरोबरची एक मुलगी रात्री अकरापर्यंत थांबायची. तिला वाटत होतं, आपल्यामुळेच सगळ्यांचं काम अडलंय. तिच्या कोडमध्ये काहीही चूक नव्हती. ते तीन दिवस मला अजून आठवतात, आणि तेव्हापासून न सांगता केलेल्या बदलाला मी किरकोळ गोष्ट मानत नाही.

यावरचा खरा उपाय म्हणजे मशीनच्या घड्याळाला हातच लावायचा नाही. बँकांच्या कोअर प्रणालीत 'बिझनेस डेट' वेगळी ठेवतात. आजची तारीख कोणती हे ॲप्लिकेशन एका टेबलातून वाचतं, मशीनला विचारत नाही. तुमच्या डेव्हलपरांना सांगा, जावा 8 पासून, म्हणजे 2014 पासून, जावामध्ये क्लॉक नावाचा क्लास त्यासाठीच आहे; चाचणीच्या वेळी हवं ते घड्याळ बाहेरून देता येतं. कोड जुना आहे आणि बदलणं शक्य नाही? लिनक्सवर लिबफेकटाइम नावाचं साधन वापरून तेवढ्याच एका प्रोसेसला खोटी तारीख दाखवता येते, बाकी मशीन आजच्याच तारखेत राहतं.

डेटाबेसची भांडणंही अशीच कमी होतात. एका टीमने कॉलमचं नाव बदललं की दुसऱ्या टीमचं जुनं बिल्ड कोसळतं. नाव बदलू नका. आधी नवा कॉलम घाला, काही काळ दोन्ही भरत राहा, सगळ्या टीम नव्यावर आल्या की जुना काढा. वेळ लागतो खरा, पण कोणाचं काम अडत नाही. बदलाची स्क्रिप्ट हाताने चालवू नये, फ्लायवे किंवा लिक्विबेसमधून जावी. कोणती स्क्रिप्ट कधी चालली याची नोंद ही साधनं डेटाबेसमध्येच ठेवतात, त्यामुळे "मी नाही केलं" यावर वाद घालत बसावं लागत नाही.

नोंदीबद्दल माझं मत ठाम आहे. माणसाने भरायची नोंद टिकत नाही, तुमच्या शीटने ते दाखवलंच. कोणत्या सर्व्हिसचं कोणतं बिल्ड, कधी आलं, कोणी आणलं हे डिप्लॉय करणाऱ्या, म्हणजे बिल्ड सर्व्हरवर आपोआप चढवणाऱ्या, पाइपलाइननेच एका पानावर लिहावं. आणि पाइपलाइन सोडून दुसऱ्या वाटेने सर्व्हरवर जायची सोय काढून घ्या. सुरुवातीला लोक चिडतील. रात्री दोन वाजता लॉगिन करून "एकच फाइल बदलतो" म्हणणारे जुने जाणकार सगळ्यांत जास्त चिडतील. त्यांच्याशी आधी बसून बोला, कारण कोणती फाइल का बदलावी लागते हे फक्त त्यांनाच माहीत असतं. ते ज्ञान स्क्रिप्टमध्ये आलं की त्यांचीही झोप वाचते.

मग सकाळची फेरी. पाटकरी पाणी सोडायच्या आधी चारी बघून येतो, तसं. सात वाजता आपोआप चालणाऱ्या पंधरा-वीस तपासण्या ठेवा. लॉगिन होतंय का, एक पॉलिसी निघते का, हप्ता भरता येतो का, दावा नोंदवता येतो का. निकाल ग्रुपवर जावा. काही तुटलेलं दिसलं तर तेवढा भाग बंद म्हणून जाहीर करायचा, आणि तो दुरुस्त होईपर्यंत तिथलं कोणतंही अपयश बग म्हणून नोंदवायचं नाही. तुमच्या बग-यादीतले कितीतरी बग यानेच नाहीसे होतील, आणि डेव्हलपर उरलेल्यांकडे नीट बघतील.

एवढं झालं की मागणी कमी करण्याकडे वळा. फडात पाणी कमी पडणाऱ्या वर्षी कमी फड भिजवायचे असं ठरतं. बहुतेकांची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असल्याने कोणी पूर्ण कोरडा राहत नाही. तुमच्या अकरा टीमपैकी किती जणांना खरोखर सगळं जोडलेलं एन्व्हायर्नमेंट रोज लागतं? माझ्या अनुभवात निम्म्यांना नाही. पेमेंट गेटवेकडून 'पैसे मिळाले' एवढं उत्तर हवं असेल तर वायरमॉकसारखं नकली उत्तरं देणारं साधन ते देतं. दोन सर्व्हिसमधली बोलणी जुळतात का हे पॅक्टसारख्या कॉन्ट्रॅक्ट टेस्टमध्ये कळतं. लहान सर्व्हिस कंटेनरमध्ये, म्हणजे कुठेही उचलून चालवता येणाऱ्या डब्यात, बसतात, आणि असे डबे सांभाळणाऱ्या कुबरनेटीसवर प्रत्येक टीमला आपली नेमस्पेस, म्हणजे वेगळा कप्पा, देऊन काम झाल्यावर ती पुसून टाकता येते. जुनी पॉलिसी प्रणाली मात्र अशी उचलून दहा ठिकाणी ठेवता येणार नाही. ती सामायिकच राहणार, आणि पाळी तिच्यासाठी जपून ठेवायची.

मॅनेजरांना सांगा, तीन महिने हे करू आणि रोज किती तास कोणाचं काम अडलं ते लिहू. त्यानंतरही रांग लागलेलीच असेल तर तिसरं मागा. तेव्हा हातात आकडे असतील.


प्रश्न : भुसावळहून लिहिते आहे. आमच्या टेस्ट एन्व्हायर्नमेंटमधून खऱ्या ग्राहकांना 'तुमचा हप्ता थकला आहे' असे एसएमएस गेले. खरा डेटा जसाच्या तसा आणला होता. मी फक्त बॅच सुरू केली होती, पण दोष माझ्यावर आला. माझं काय चुकलं?

उत्तर : ताई, बॅच चालवणं हे तुमचं काम होतं. खरे मोबाइल नंबर तिथे असणं आणि तिथून बाहेर जायला वाट उघडी असणं, या दोन्ही चुका तुम्ही यायच्या आधीच झालेल्या होत्या. हे वरिष्ठांना लेखी कळवा, शांतपणे, तारखांसह.

आधी बाहेरची वाट बंद करून घ्या. टेस्टमधून निघणारा प्रत्येक एसएमएस आणि ईमेल एका खोट्या पेटीत पडला पाहिजे, आणि संदेश बाहेर पाठवणाऱ्या खऱ्या गेटवेचा पासवर्ड तिथे असताच कामा नये. मग डेटा. नाव, मोबाइल, पत्ता, खाते क्रमांक आणतानाच बदलायचे. 'अबक' भरून चालत नाही, कारण ॲप्लिकेशन तो डेटा नाकारतं. पॅनमध्ये 5 अक्षरं, 4 अंक, 1 अक्षर असतं, आणि व्यक्तीच्या पॅनमधलं चौथं अक्षर पी. आधारचा बारावा अंक व्हरहूफ पद्धतीने बाकीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. खोटा डेटा या चाळणीतून जाईल असा बनवावा लागतो, आणि एकच ग्राहक चार टेबलांत असेल तर चारही ठिकाणी त्याचं तेच खोटं नाव यायला हवं. कष्टाचं काम आहे. वरिष्ठ खर्चाला नको म्हणाले तर त्यांच्यासमोर 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ठेवा. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

त्या बॅचबद्दल स्वतःला दोष देणं आता सोडा.


प्रश्न : शहाद्याहून घरूनच काम करतो. आमची सगळी टेस्ट एन्व्हायर्नमेंट क्लाउडवर आहेत आणि बिलावरून रोज बोलणी खातो. रात्री बंद ठेवली तर किती वाचेल?

उत्तर : आठवड्याचे तास 168. सोमवार ते शुक्रवार रोज 12 तास चालू ठेवली तर 60. म्हणजे मशीनच्या भाड्यातले 64 टक्के तास वाचले. पण डिस्कचं भाडं मशीन बंद असतानाही चालूच राहतं, म्हणून बिल तेवढंच खाली येईल असं साहेबांना सांगू नका. रात्रीची बॅच कोणाला लागते ते आधी विचारून घ्या. आणखी एक, ॲमेझॉनचा आरडीएस डेटाबेस थांबवला तरी 7 दिवसांनी आपोआप सुरू होतो. दिवाळीच्या सुट्टीला जाताना थांबवणार असाल, तर तो पुन्हा थांबवणारी स्क्रिप्ट आधीच लावून जा.