वाचकांचे प्रश्न : सहावीच्या वर्गाला संगणक शिकवताना

प्रश्न : मी सत्तरी तालुक्यातील एका अनुदानित माध्यमिक विद्यालयात गणित शिकवते आणि सहावी-सातवीचे संगणकाचे तासही माझ्याकडेच आहेत. सहावीत ३८ मुले आहेत, चालू स्थितीतले संगणक १० आहेत आणि आठवड्याला दोन तास मिळतात. मी फळ्यावर स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग साधनाचे ब्लॉक (एकाखाली एक जोडायचे आज्ञांचे ठोकळे) काढून देते, मुले ते जसेच्या तसे लावतात, चित्र उमटते आणि सगळी खूश होतात. पण आकडे बदलून वेगळी आकृती काढायला सांगितली की वर्ग गप्प बसतो. संगणक कमी असल्यामुळे असे होते, की माझ्या शिकवण्यात काही चुकते आहे?
— एक शिक्षिका, सत्तरी

उत्तर : संगणक कमी आहेत ही अडचण खरी आहे, परंतु वर्ग गप्प बसण्याचे कारण वेगळे आहे. फळ्यावरून उतरवून घेताना मुलांवर विचार करण्याची वेळच येत नाही, आणि उद्या ३८ संगणक मिळाले तरी ही सवय तशीच राहील. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले, २०२१ पासून गोवा सरकारने सहावी ते आठवीसाठी कोडिंग आणि रोबॉटिक्सची योजना सरकारी व अनुदानित शाळांत आणली, त्यामुळे विषयाला वेळापत्रकात हक्काची जागा मिळाली. मात्र त्या तासात मूल काय करते हे आपल्यासारख्या शिक्षकांवरच अवलंबून आहे.

माझी पहिली विनंती अशी की ब्लॉक लावून झाल्यावर आज्ञा चालू करणाऱ्या हिरव्या झेंड्यावर क्लिक करण्याआधी प्रत्येक मुलाने पडद्यावर काय उमटेल त्याचे चित्र वहीत काढावे. अंदाज चुकला तरी तो खोडू देऊ नये, कारण खरे शिकणे तिथूनच सुरू होते. आधी अंदाज, मग चालवून पाहणे, मग असे का झाले याचा शोध, मग लहानसा बदल आणि सर्वांत शेवटी स्वतःची रचना, असा क्रम संगणक-शिक्षणाच्या अभ्यासक स्यू सेंटन्स आणि जेन वेट यांनी २०१७ मध्ये मांडला असून तो आपल्याकडच्या मोठ्या वर्गांनाही सहज पेलतो.

त्रिकोणाचेच उदाहरण घेऊ. चौरसासाठी ‘१०० पावले चाल, ९० अंश वळ’ हे चार वेळा करायचे, एवढे मुलांना कळलेले असते. त्रिकोण काढा म्हटल्यावर बहुतेक जण तीन वेळा ‘१०० पावले चाल, ६० अंश वळ’ असे लावतात, कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हे गणितात शिकलेले आहे. पडद्यावर मात्र त्रिकोण होत नाही, षट्कोनाच्या तीन बाजू काढून स्क्रॅचमधले मांजर थांबते. इथे उत्तर सांगण्याचा मोह टाळावा. मी अशा वेळी मुलांना पडवीत नेत असे, खडूने जमिनीवर मोठा त्रिकोण काढून एकाला त्याच्या कडेने चालायला लावत असे आणि कोपऱ्यावर थांबवून विचारत असे, “सरळ गेला असतास तर तोंड कुठे असते आणि आता कुठे आहे?” एकदा एका मुलीने दोन्ही हात दोन दिशांना पसरून तो कोन दाखवला आणि स्वतःच म्हणाली, “टीचर, मी आतला कोन नाही वळले, बाहेरचा वळले.” तेवढ्यावर १२० हा आकडा वर्गाने स्वतः काढला. पुढे ४ गुणिले ९०, ३ गुणिले १२०, ६ गुणिले ६०, सगळीकडे ३६० येतात हे त्यांच्याच लक्षात आले आणि पंचकोनासाठी ७२ अंश मला सांगावे लागले नाहीत. १९६७ मध्ये सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोगो ही मुलांसाठीची संगणक-भाषा केली तिच्यातले आज्ञेप्रमाणे रेघ काढणारे कासव असेच चालत-वळत असे, आणि स्क्रॅचचे हे ब्लॉक त्याचेच वारसदार आहेत. आपण गणिताच्या शिक्षिका आहात, तेव्हा हा पाठ आपल्याइतका चांगला दुसरे कोणी घेऊ शकणार नाही.

१० संगणकांवर दोघा-दोघांप्रमाणे २० मुले बसतील. एकाने माउस धरावा, दुसऱ्याने काय करायचे ते तोंडाने सांगावे आणि दर दहा मिनिटांनी जागा बदलाव्यात, नाहीतर ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तोच माउस सोडत नाही. उरलेल्या १८ जणांना त्याच वेळी सहा-सात ओळींची छापील आज्ञावली द्यावी, जिच्यात एक चूक मुद्दाम ठेवलेली आहे, आणि ती शोधायला सांगावी. पुढच्या तासाला गट बदलावेत. मुख्याध्यापकांना सांगून दोन तास सलग मिळाले तर संगणक सुरू करण्यात जाणारा वेळ निम्मा होईल. स्क्रॅच इंटरनेटशिवाय चालणाऱ्या रूपातही मिळते, ते सर्व संगणकांवर घालून ठेवावे; पावसात वीज गेली तर कागदावरचे काम आहेच.

परीक्षेत ‘संगणक म्हणजे काय’ यापेक्षा ‘ही आज्ञावली चालवल्यास काय दिसेल’ असे विचारा.

प्रश्न : माझा मुलगा चौथीपर्यंत मराठी माध्यमात होता, आता सातवीत सगळे इंग्रजीतून आहे. संगणकाचे शब्द त्याला जड जातात. घरी मराठीतून समजावले तर गोंधळ वाढेल का?
— एक पालक, पेडणे

उत्तर : अजिबात नाही. लूप (पुन्हा पुन्हा करायच्या आज्ञा), व्हेरिएबल (बदलती किंमत ठेवण्याची जागा) हे शब्द तसेच राहू द्यावेत आणि त्यांचा अर्थ निःसंकोच मराठीतून बोलावा. त्याच्यासोबत एक प्रयोगही करून पाहा. संगणकावर मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक सुरू करून त्याला ‘किती’ लिहायला सांगा. वेलांटी दिसते ‘क’च्या आधी, पण टंकताना ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर द्यावी लागते, कारण संगणक अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवतो. मग स्क्रॅचमध्ये शब्दाची लांबी सांगणारा ब्लॉक घेऊन ‘गोवा’ शब्द द्या. मुलगा दोन म्हणेल, संगणक चार म्हणेल. ग, ओकाराची मात्रा, व आणि काना हे त्याच्या लेखी चार वेगळे घटक आहेत. ‘भक्ती’ची लांबी किती येईल, हे मात्र ब्लॉक चालवण्याआधी त्याला कागदावर लिहायला लावा.