जिऑलॉजीत गणित नसतं, असं कोण म्हणालं?

निकालाचे दिवस आले की सिडको, ओझर, निफाड, सटाणा, सगळीकडून जिऑलॉजीबद्दल, म्हणजे खडकांच्या आणि जमिनीच्या अभ्यासाबद्दल, साधारण तेच प्रश्न येतात. एकेकाला फोनवर उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून या खेपेला एकत्रच लिहितो.

मुलीला बीएस्सीला जिऑलॉजी घ्यायचं आहे. पण त्यात डोंगरदऱ्यांत फिरावं लागतं म्हणे. घेऊ द्यावं का? (पालक, इंदिरानगर)

घेऊ द्या. आणि चांगले बूट घेऊन द्या.

एका क्लासवाल्यांनी सांगितलं की बारावीनंतर लगेच त्यांच्याकडे तीन वर्षांची फी एकरकमी भरली तर जीएसआयमध्ये नोकरी पक्की. भरू का? (पालक, ओझर)

नका भरू. जीएसआय म्हणजे १८५१ पासूनचं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण. तिथले जिऑलॉजिस्ट यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून घेतात: आधी पूर्व, मग मुख्य, मग मुलाखत. त्यासाठी एमएस्सी लागते. बारावीच्या पोराला पाच वर्षांनंतरची नोकरी आज 'पक्की' करून देणारा माणूस तुमच्या खिशाचं सर्वेक्षण करतोय. यूपीएससीची जाहिरात फुकट मिळते. ती उतरवून घ्या, पात्रतेचा भाग मुलाला स्वतः वाचायला लावा आणि तो कागद घेऊन कॉलेजातल्या जिऑलॉजीच्या सरांना भेटा. क्लासचं काय ते एमएस्सीच्या वेळी बघता येईल.

अकरावीला गणित सोडून बायोलॉजी घेतलं. सीनियर म्हणतात जिऑलॉजीत गणित नसतं, म्हणून बीएस्सीला तोच विषय घेतोय. बरोबर ना सर? (विद्यार्थी, पंचवटी)

'सीनियर म्हणतात' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्या सीनियरला विचार, तो पुढे काय करतोय.

पण या गैरसमजात थोडा वाटा नाशिकच्या दगडाचाही आहे. आपण बसलोय दख्खनच्या बेसाल्टवर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर. रामशेज बघ, ब्रह्मगिरी बघ, अंकाई-टंकाई बघ. थर जवळजवळ आडवे, एकावर एक रचलेले. पायऱ्यांसारखे दिसतात म्हणून तर त्यांना 'ट्रॅप' म्हणतात, स्वीडिशमध्ये तो जिन्याचाच शब्द. आडव्या थराची जाडी काढायला टेप पुरतो. त्यामुळे आमची पोरं दोन-अडीच वर्षं पांडवलेणी आणि चामरलेणी करतात आणि समजतात, झालं शिकून.

मग सहल जाते राजस्थानात, उदयपूरजवळ झावरला. तिथे थर घड्या पडून उभेच्या उभे. एका वर्षी तिथे रात्री एका हुशार मुलाला मी गणित घातलं: बोअर सरळ खाली गेलं, त्यात धातुकाचा, म्हणजे ज्यातून धातू काढतात त्या खडकाचा थर २० मीटर लागला, थराचा कल (आडव्या पातळीपासूनचा उतार) ६० अंश, तर जाडी किती? वही उघडलीसुद्धा नाही त्याने. 'वीसच की सर!' अरे, बोअर सरळ, थर तिरका. २० ला ६० च्या कोसाइनने गुणायचं, जाडी आली १० मीटर. निम्मा थर त्याने हवेतून आणला होता. कंपनीच्या अहवालात अशी चूक केली तर दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं करावं लागेल.

रस्त्याच्या कापातही तसंच. ४५ अंशांचा थर, पण काप स्ट्राइकशी (थरावरच्या आडव्या रेषेच्या दिशेशी) ३० अंशांचा कोन करून गेलेला असेल तर डोळ्यांना कल दिसतो जेमतेम २७ अंश. खरा कल त्रिकोणमितीशिवाय निघत नाही. बेसाल्टचं वय त्यातल्या किरणोत्सारी पोटॅशियम-४० वरून काढतात, त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षं, आणि तिथे लॉग आलंच. भूजलात, जमिनीतून पाणी किती झिरपतं ते सांगणारा डार्सीचा १८५६ चा नियम म्हणजे साधा गुणाकार आहे. तो ज्याला मांडता येत नाही तो जिऑलॉजिस्ट आणि हातावर नारळ उभा करून शेतात फिरणारा पाणाड्या, यांच्यात फरक उरतो फक्त फीचा.

म्हणून विषय सोडू नकोस. गणितापासून पळण्यासाठी घेऊही नकोस. या सुट्टीत अकरावीचं पुस्तक आणून त्रिकोणमिती आणि लॉग पुन्हा काढ; कॅल्क्युलस आणि स्टॅटिस्टिक्स पुढे हळूहळू येईल. भूभौतिकीचा (जिओफिजिक्सचा) विचार असेल तर मात्र गणित आणि फिजिक्स दोन्ही लागतात, तिथे इलाज नाही. बारावीला गणित नसताना पुढे कुठकुठले दरवाजे बंद होतात ते प्रत्येक संस्थेचं वेगळं असतं. मार्कलिस्ट घेऊन विभागप्रमुखांना भेट, प्रवेशाच्या आधी.

सिन्नरकडे आमच्या विहिरीच्या खोदाईत चकाकणारे खडे निघाले. एक जण म्हणतो हिरे आहेत, दुसरा 'ऊर्जेचे खडे' म्हणून मागतोय. (शेतकरी)

हिरे नाहीत. बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढलेलं झिओलाइट गटातलं खनिज (स्टिल्बाइटसारखं) नाहीतर क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. खड्याने काच ओरखडली गेली तर बहुधा क्वार्ट्झ. स्टिल्बाइटने ओरखडणार नाही. ऊर्जा फक्त विकणाऱ्याच्या जिभेत असते. नमुने फोडू नका. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय एकदा बघून या, आणि विकण्याआधी जाणकाराला दाखवा.

मेजर गणित आणि मायनर जिऑलॉजी चालेल का? (विद्यार्थिनी, निफाड)

जोडी उत्तम, मला फार आवडते. मात्र सगळ्याच कॉलेजांत जिऑलॉजी नसतं, आणि कोणत्या मेजरबरोबर कोणतं मायनर मिळेल ते कॉलेज ठरवतं. एमएस्सी जिऑलॉजीला करायची असेल तर तेवढे क्रेडिट पुरतील का, हे आधी लेखी विचारून घे. फॉर्म भरायच्या दिवशी रांगेत उभं राहून ठरवू नकोस.

तिसऱ्या वर्षाला आहे. जॅमची तयारी आता सुरू केली आहे. फॉर्म कधी भरू? (विद्यार्थी, सटाणा)

हे पत्र डिसेंबरात आलं होतं. जॅम, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा, फेब्रुवारीत असते आणि फॉर्म निघतात सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे पत्राला तिकीट लावलं तेव्हाच गाडी गेली होती. या वर्षी तिसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांनी हे आत्ताच कॅलेंडरवर लिहावं. सटाण्याच्या पोराने धीर सोडायचं कारण नाही. विद्यापीठांच्या एमएस्सीचे प्रवेश वेगळे होतात, त्यांच्या सूचना रोज बघ. आणि तुझ्या विभागातल्या मॅडमना उद्याच जाऊन भेट. 'सोमवारी जातो' असं म्हणू नकोस.