इंग्लंडातले ४६ आणि मुंबईतले ४०

प्रश्न : ताई, माझी मुलगी इथून बी.कॉम. करून सप्टेंबरात इंग्लंडला एक वर्षाच्या एम.एस्सी.ला गेली. पहिल्या सत्रात एका विषयात ४६ गुण आले आणि पुढे ‘फेल’. बाकी विषयांत ५५ ते ६२ आहेत. आपल्याकडे तर ४०ला पास करतात. कर्ज काढून पाठवलंय. तिला रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरायला सांगू का? वर्ष वाया गेलं का?
– एक आई, गिरगाव

उत्तर : वर्ष वाया गेलेलं नाही, हे आधी मुलीला फोन करून सांगा. तिथे तिला धीर द्यायला घरचं कोणी नाही.

आता गुणांचं. इंग्लंडात एम.एस्सी., एम.ए.ला बहुतेक विद्यापीठांत ५०ला पास धरतात. ६०च्या वर मेरिट, ७०च्या वर डिस्टिंक्शन. म्हणजे तिचे ६२ आपल्याकडच्या ६२सारखे वाचू नका, ते चांगले गुण आहेत. अख्खी पदवी १८० क्रेडिटची असते आणि एका क्रेडिटमागे अभ्यासाचे १० तास धरलेले असतात. साधारणपणे १२० क्रेडिट विषयांचे आणि ६० प्रबंधाचे. विषय बहुधा १५ किंवा २० क्रेडिटचा असतो. तेव्हा तिचं अडलंय ते १८०पैकी १५-२० क्रेडिटवर.

रिव्हॅल्युएशनचं मात्र डोक्यातून काढा. मुंबईतल्या एका कॉलेजच्या परीक्षा विभागात मी नोकरी केली. निकाल लागला की फोटोकॉपी आणि रिव्हॅलच्या फॉर्मसाठी खिडकीवर रांग लागायची, त्यामुळे तुमच्या मनात पहिलं तेच येणं मी समजू शकते. इंग्लंडात परीक्षकाने पेपर कसा जोखला यावर अपील चालत नाही. बेरीज चुकली, नियम पाळला गेला नाही, किंवा आजारपणासारखं काही वेळेवर सांगता आलं नाही, अशाच कारणांवर दाद मागता येते. मुलगी त्या काळात आजारी असेल तर डॉक्टरांच्या कागदासकट विद्यापीठाला लगेच कळवू दे. त्याला मुदत असते आणि ती फार कडक पाळतात.

कोर्सच्या हँडबुकमध्ये तिला ‘कम्पेन्सेशन’ किंवा ‘कंडोनमेंट’ हा शब्द शोधायला सांगा. बऱ्याच विद्यापीठांत ४० ते ४९मध्ये राहिलेला एखादा विषय, बाकीची सरासरी चांगली असेल तर, पदरात घालतात. क्रेडिट मिळतं, गुणपत्रिकेवर ४६ तसेच राहतात. पण विषय ‘कोअर’, म्हणजे पास व्हावाच लागणारा, असेल किंवा कोर्सला एखाद्या व्यावसायिक संस्थेची मान्यता असेल तर ही सवलत बहुधा नसते. शिवाय हे ठरवतं विद्यापीठाचं परीक्षा मंडळ. ते बसेपर्यंत हातातले गुण कच्चेच असतात.

सवलत नसेल तर पुन्हा परीक्षा किंवा पुन्हा असाइनमेंट. त्यात ७५ मिळाले तरी विषयाला बहुतेक ठिकाणी ५०च लावतात. माझी खरी काळजी इथे आहे. ही फेरपरीक्षा पुष्कळदा उन्हाळ्यात येते, आणि प्रबंधही तेव्हाच लिहायचा असतो. प्रबंध म्हणजे ६० क्रेडिट, पदवीचा तिसरा हिस्सा, ६०० तासांचं काम. त्या एका विषयाच्या धास्तीने प्रबंध मागे पडला तर नुकसान मोठं. ट्यूटरला भेटून दोन्हींच्या तारखा तिने आत्ताच कागदावर मांडाव्यात.

आणि निकालासोबतचे शेरे तिला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. ‘वर्णन जास्त, विश्लेषण कमी’ अशा अर्थाचं काही निघालं तर मला नवल वाटणार नाही. आपल्या मुलांच्या उत्तरपत्रिका मी गठ्ठ्यांनी पाहिल्यात : पट्टीने अधोरेखित केलेले मथळे, बारा मुद्दे, दोन पुरवण्या दोऱ्याने बांधलेल्या. मुलं कष्टाळू आहेत हो, अगदी मनापासून लिहितात. पण तिथे विचारतात की या बारांपैकी तुला कोणता मुद्दा पटला आणि का. हे तिला कोणी शिकवलेलंच नाही, तर ४६ हा तिच्या बुद्धीवरचा शेरा कसा मानायचा?

सगळंच फिसकटलं तरी ती रिकाम्या हाताने परतत नाही. १२० क्रेडिट झाले तर पोस्टग्रॅज्युएट डिप्लोमा आणि ६०ला सर्टिफिकेट देण्याची सोय बहुतेक ठिकाणी आहे. पण तुमच्या मुलीवर ती वेळ येईल असं मला तिच्या गुणांवरून वाटत नाही.

प्रश्न : मुलगा मुंबईत एम.ए. करतोय. घरच्या अडचणीमुळे पहिल्या वर्षानंतर सोडावं लागेल. हाती काही लागेल का?
– एक वडील, लालबाग

उत्तर : लागेल. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात २०२३-२४पासून दोन वर्षांचं एम.ए. ८८ क्रेडिटचं झालं, सत्राला २२. पहिल्या वर्षाचे ४४ पूर्ण केले तर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. फक्त मधेच सोडू देऊ नका. दुसऱ्या सत्रात ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट असतं, त्याचा अहवाल राहून गेला तर ४४ भरत नाहीत. एखादी केटी, म्हणजे राहिलेला विषय, असेल तर तीही सोडवून घ्यायला हवी. त्याचा एबीसी आयडी (क्रेडिट जमा ठेवणाऱ्या ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मधला खाते क्रमांक) काढलाय ना, आणि क्रेडिट त्यात जमा झालेत ना, हे कॉलेज सोडण्याआधी ऑफिसात उभं राहून बघायला सांगा. ते जास्तीत जास्त ७ वर्षं टिकतात. घरचं सावरलं की परत यायचं असेल तर हाच हिशेब लागेल.