चितगावचा शून्य

बाळा,

तेवीस वर्षांखालच्या संघाची यादी लागली, तुझं नाव नव्हतं, आणि रात्री दीड वाजता तुझा मेसेज आला, "सर, सोडून देऊ का?" फोनवर तू नुसतं 'हो सर, हो सर' करतोस, म्हणून लिहून पाठवतोय.

तू ओपनर आहेस, तेव्हा वसीम जाफरचं सांगतो. सुनील आणि सचिनच्या गोष्टी तू लहानपणापासून ऐकल्यास. त्या ऐकून उर भरून येतो खरा, पण नाव वगळलं गेल्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

जाफर बस ड्रायव्हरचा मुलगा. शाळेकडून खेळताना नाबाद 400, मुंबईकडून दुसऱ्याच रणजी सामन्यात नाबाद 314. कसोटी पदार्पण 2000 मध्ये, घरच्या वानखेडेवर, समोर दक्षिण आफ्रिकेचे वेगवान डोनाल्ड आणि पोलॉक. दोन कसोटींत बाहेर. 2002 मध्ये परत आला, परत गेला. पहिलं कसोटी शतक झळकलं मार्च 2006 मध्ये, नागपूरला इंग्लंडविरुद्ध. सहा वर्षं! तुझी यादी लागून सहा दिवस झालेत.

त्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये अँटिगाला त्याने 212 केल्या, आठ तासांच्या वर उभा राहून. पण मला त्याचं चितगाव जास्त जवळचं वाटतं. मे 2007, बांगलादेशविरुद्ध सामन्याचा पहिलाच चेंडू, मश्रफे मुर्तझाचा, आणि जाफर शून्यावर बाद. दुसऱ्या डावातही शून्य. पुढच्याच कसोटीत मीरपूरला 138, तेही उन्हाने बेजार होऊन मैदान सोडावं लागलं म्हणून तेवढ्यावर थांबले. त्या डावात आपल्या पहिल्या चौघांनीही शतकं ठोकली. कसोटीत असं तोवर कधी झालंच नव्हतं. मधल्या दिवसांत त्याने काय केलं, मला ठाऊक नाही. रात्री दीड वाजता मेसेज केला नसावा.

डिसेंबरात कोलकात्याला पाकिस्तानविरुद्ध 202, आणि महिना सरायच्या आत ऑस्ट्रेलियात धावा पार आटल्या. एप्रिल 2008 ची कानपूर कसोटी शेवटची ठरली. वय अवघं तीस. त्याच्यावर अन्याय झाला असं कट्ट्यावर सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. 31 कसोटी, 1944 धावा, सरासरी चौतीसची, आणि दार ठोठावायला सेहवाग-गंभीर. निवड समितीला शिव्या देणं सोपं असतं. तूही सध्या तेच करतोयस, मी ऐकलंय.

मला सांगायचंय ते इथून पुढचं. कानपूरनंतर हा माणूस बारा वर्षं खेळत राहिला. मुंबईच्या कर्णधारपदी लागोपाठ दोन रणजी करंडक. मग विदर्भ, जिथे तोवर करंडक आलाच नव्हता. त्यांनीही लागोपाठ दोन जिंकले. चाळिसाव्या वर्षी इराणी करंडकात, नागपूरलाच, 286. पुढच्या हंगामात हजारावर धावा. भारताची टोपी परत मिळण्याची आशा तेव्हा कुणालाच नव्हती, त्यालाही नसणार. तरी ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू तो तितक्याच शांतपणे सोडायचा. ते सोडणं यूट्यूबवर जरूर बघ. फटके नको बघूस, तुला फटक्यांचं व्यसन आधीच आहे.

नोकरीचं विचारलं होतंस. क्रीडा कोट्यात जागा निघाली तर अर्ज कर, लाजू नकोस. आपल्या मैदानांवरचे कितीतरी चांगले फलंदाज बँकेत नाहीतर रेल्वेत सही करून नेटला धावायचे. घरात पगार आला की नव्या चेंडूसमोर हात सैल राहतो. आईशीही बोल, तिला मी समजावणार नाही, ते तुझं तू कर.

आणि पावसाळ्यातल्या कांगा लीगला दांडी मारू नकोस. ओल्या विकेटवर तुझा पुढचा पाय कुठे पडतो, ते मला बघायचंय. गेल्या तीन डावांत तू एकाच चेंडूवर गेलास, बाहेर जाणाऱ्या चेंडूला बॅट लावून. यादीतलं नाव तिथेच गेलं.

गुरुवारी सातला नेटवर ये. पहिली चाळीस मिनिटं फक्त चेंडू सोडायचे. नवा चेंडू मी आणतो.

तुझा
सर