मराठीत ‘नीतीविषयक चाळीस हदीस’ अशी पुस्तिका काढायची आहे. काय काळजी घ्यावी आणि खर्च किती येईल?

तुम्ही खाली तपशिलात लिहिलंय की १,००० प्रती काढायच्या आहेत, हदीस (प्रेषित मुहम्मदांची वचनं आणि कृतींच्या नोंदी) बऱ्याचशा व्हॉट्सअॅपवरून आणि जुन्या भाषणांतून गोळा केल्यात, काहींचे संदर्भ मिळाले नाहीत, ‘पण आशय चांगलाच आहे’. छपाईकडे नंतर येतो. हे शेवटचं वाक्य आधी निकालात काढायला हवं, कारण मराठीतल्या धार्मिक पुस्तिकांचं जुनं दुखणं हेच आहे आणि टोकलं की लोक रागावतात.

आशय चांगला असल्याचा बचाव दुसऱ्या हिजरी शतकातही झाला होता. मध्य आशियातल्या मर्व शहराचा काझी नूह बिन अबी मरियम याने कुरआनच्या एकेका सूरहच्या (अध्यायाच्या) पठणाचं पुण्य सांगणाऱ्या हदीस रचल्या. विचारल्यावर त्याने कारण दिलं की लोक कुरआन सोडून अबू हनीफांच्या फिकहात (धर्मकायद्यात) आणि इब्न इसहाकच्या युद्धकथांत गुंतले होते, त्यांना परत वळवायचं होतं. हदीसचे अभ्यासक हाकिम यांनी हे नोंदवून ठेवलंय. याहून चांगला हेतू कुठून आणणार? तरी मुहद्दिसांनी (हदीस पारखणाऱ्यांनी) त्याला सोडलं नाही. ‘माझ्या नावावर जो जाणूनबुजून खोटं रचेल त्याने आपली जागा नरकात ठरवून ठेवावी’ (बुखारींचा हदीससंग्रह, क्रमांक ११०) या इशाऱ्यात सद्हेतूसाठी सवलत ठेवलेली नाही. तुम्ही रचत नाही आहात, मान्य. पण खात्री न करता छापणारा त्याच साखळीत पुढची कडी होतो.

आणि तुम्ही तर चाळीसचा संग्रह काढताय! या प्रकारातला सगळ्यात प्रसिद्ध संग्रह इमाम नववींचा (मृत्यू १२७७). नाव ‘चाळीस’, आत हदीस ४२. चाळीस हदीस जपणाऱ्याला मोठं पुण्य मिळतं अशी एक हदीस आहे, तिच्यामुळेच असे संग्रह निघत आले. नववी प्रस्तावनेतच सांगून टाकतात की ही हदीस अनेक मार्गांनी आली असली तरी जाणकारांच्या एकमताने ती जईफ (कमजोर) आहे, आणि आपला आधार ते दुसऱ्या, सहीह (भक्कम) हदीसवर ठेवतात: उपस्थिताने अनुपस्थितापर्यंत पोहोचवावं. स्वतःच्या पुस्तकाच्या समर्थनातली सोयीची हदीस त्यांनी पहिल्या काही पानांतच बाजूला ठेवली.

आता तुमच्या यादीतली पहिली ओळ: ‘स्वर्ग आईच्या पायांखाली आहे.’ या शब्दांत फिरणारं वाक्य सनदीने, म्हणजे सांगणाऱ्यांच्या साखळीने, कमजोर आहे. भक्कम रूप नसाईंच्या हदीससंग्रहात सापडतं (३१०४). जाहिमा नावाचे सहाबी (प्रेषितांचे सोबती) मोहिमेवर जायची इच्छा घेऊन सल्ला विचारायला येतात. प्रेषित विचारतात, आई आहे का? आहे म्हटल्यावर सांगतात: तिच्यापाशीच राहा, स्वर्ग तिच्या पायांखाली आहे. फरक नुसत्या संदर्भाचा नाही. सुटं वाक्य आईची स्तुती करून थांबतं; पूर्ण हदीस मुलाला काम सांगते, आणि ज्या कीर्तीसाठी तो निघाला होता तिच्यावर पाणी सोडायला लावते. सुट्या वाक्यावर टाळ्या घेणं सोपं असतं. टाळ्या घेणाऱ्याने बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलेलं असलं तरी त्या वाक्याला काही अडचण येत नाही. म्हणून म्हणतो, संदर्भ तपासणं हेच नीतिविचाराचं अर्धं काम आहे. ते हमालीचं काम समजून डीटीपीवाल्यावर ढकलू नका. सोबत बुखारी ५९७१ घ्या: माझ्या सहवासाचा सर्वाधिक हक्क कुणाचा, याला तीनदा ‘तुझी आई’ आणि चौथ्यांदा ‘तुझे वडील’ हे उत्तर.

‘मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्या’ हे इब्न माजांच्या हदीससंग्रहात २४४३ वर आहे. त्या सनदीत अब्दुर्रहमान बिन जैद हा कमजोर रावी (हदीस पुढे सांगणारा) आहे; इतर मार्गांच्या आधारामुळे काही जाणकार ती मान्य करतात. घ्यायची तर घ्या, पण हे तळटीपेत लिहा. त्याच विषयावर बुखारी २२२७ जास्त कडक आहे: कयामतच्या दिवशी अल्लाह ज्या तिघांच्या विरोधात उभा राहील, त्यांत पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणारा आहे. ‘ज्ञानासाठी चीनपर्यंत जा’ मात्र काढून टाका. इब्नुल जौझींनी ती बनावट हदीसच्या संग्रहात घातलीय.

प्रत्येक हदीसमागे पाच गोष्टी लिहून ठेवा: मूळ ग्रंथ, क्रमांक, क्रमांक कुठल्या आवृत्तीचा, सहाबीचं नाव, दर्जा आणि तो कुणी दिला. आवृत्ती का, तर बुखारी ५९७१ हीच हदीस इंग्रजी अनुवादाच्या जुन्या पद्धतीत ‘खंड ८, पुस्तक ७३, क्रमांक २’ अशी येते. दोन पद्धतींची सरमिसळ झाली की वाचकाला काहीच सापडत नाही. ‘संदर्भ: इमाम गझाली’ एवढंही चालणार नाही. त्यांचा ‘इह्या’ चाळीस प्रकरणांचा थोर ग्रंथ आहे, पण त्यात कमजोर हदीस भरपूर आहेत. हाफिज इराकींनी (मृत्यू १४०४) त्याची तखरीज केली, म्हणजे त्यातल्या हदीसचं मूळ शोधलं, आणि ती बऱ्याच छापील प्रतींत तळाशी असते. तिथे ‘याचं मूळ मला सापडलं नाही’ असा शेरा दिसला की तुमचं काम तिथेच संपलं.

अरबी मजकूर. टाइप करून घेऊ नका. आयती (कुरआनची वचनं) तंझील या संकेतस्थळासारख्या तपासलेल्या युनिकोड पाठातून घ्या आणि एकही मात्रा हाताने हलवू नका. मराठी मजकूर जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात असेल तर अरबी तिथे चिकटवल्यावर अक्षरं सुटी पडतात किंवा उलटी लागतात. लांब आयत दोन ओळींत तुटली की तिचा आरंभ खालच्या ओळीत जातो. अरबी न वाचणाऱ्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून अरबीचा परिच्छेद उजवीकडून डावीकडे असाच बांधायचा. मराठी १३ पॉइंट असेल तर अरबी १८ ते २० आणि ओळींतलं अंतर जवळपास दुप्पट, नाहीतर वरच्या ओळीचा जेर (अक्षराखालची खूण) खालच्या ओळीच्या जबरवर (अक्षरावरच्या खुणेवर) चढतो. शेवटचं प्रूफ हाफिजाने (कुरआन पाठ असलेल्याने) कागदावर, बोट ठेवून वाचायचं. पडद्यावर नको.

आयतीचे क्रमांक जुन्या अनुवादांतून उचलू नका. काहींत एकदोनाने घसरतात. आज रूढ असलेली मोजणी ६,२३६ आयतींची. तिच्यात बिस्मिल्लाह फक्त पहिल्या सूरहत, फातिहात, आयत १ म्हणून मोजली जाते.

छापखान्यात मशीन लावताना फर्म्यामागे (एका तावावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचामागे) पन्नास-शंभर ताव सहज वाया जातात, आणि ते जातात रद्दीत, तिथून वडापावाच्या पुड्यात. आयत असलेला ताव तसा जाता कामा नये. ऑर्डर देतानाच लिहून द्या की वाया गेलेले ताव आणि कातरण मोजून परत हवंय. मग ते स्वच्छ जागी पुरा. त्यापेक्षा सोपं म्हणजे सगळा अरबी मूळपाठ शेवटच्या सोळा पानांत एकत्र घ्या आणि आत फक्त मराठी ठेवा. एकाच फर्म्याची काळजी घ्यावी लागते. अरबीत चूक राहिली तर शुद्धिपत्र चिकटवून भागवू नका, तो फर्मा पुन्हा छापा.

हे सांगायचं राहिलं: जईफ म्हणजे खोटी नव्हे. सत्कर्माच्या प्रेरणेपुरती जईफ हदीस चालते असं मानणारे मोठे उलेमा आहेत, नववी त्यांतलेच. पण हदीसपंडित इब्न हजर यांच्या अटी लक्षात ठेवा: ती फार कमजोर नसावी, आधीच मान्य असलेल्या तत्त्वाखाली बसणारी असावी, आणि ती सिद्धच आहे असं समजून कुणी वागू नये. दर्जाबद्दल जाणकारांत मतभेद असतात, म्हणून दर्जा देणाऱ्याचं नाव हवंच. वाचक शिया असतील तर त्यांचे ग्रंथ वेगळे, ‘अल-काफी’ वगैरे. वरची यादी त्यांना उपयोगी नाही.

खर्च कागदाच्या भावावर आहे, इथे आकडा सांगून फायदा नाही. तीन छापखान्यांकडून दरपत्रक घ्या आणि शेवटचा फर्मा पुन्हा छापावा लागला तर काय पडेल हे त्यातच विचारा. आयएसबीएन सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका.