रोबॉट, राबणे आणि वेठ

विचारणा अशी आहे: "'रोबॉट' हा शब्द आपल्या 'राबणे'वरून तिकडे गेला, असं वाचलं. खरं का? आणि मराठीत यंत्रमानव म्हणावं की रोबॉटच?"

राबण्याचा संबंध नाही. नुसतं ध्वनिसाम्य आहे, पण इतकं चपखल की कुणालाही मोह व्हावा. मूळ शब्द चेक भाषेतला, 'रोबोता'. स्लाव्ह भाषांत 'दास' या अर्थाचं जे जुनं रूप होतं ते 'ऑर्ब' असं, म्हणजे स्वर आधी आणि र नंतर. पुढे अक्षरांची अदलाबदल होऊन 'रोब' झालं. तेव्हा सुरुवातीचा 'रो' ही तिकडचीच घडामोड, 'राबणे'शी तिचं देणंघेणं नाही. संस्कृतात नातेवाईक शोधायचाच तर भाषाशास्त्रज्ञ 'अर्भ' दाखवतात: लहान, दुबळा. म्हणजे रोबॉटचा चुलतभाऊ आपल्याकडे आहे, पण तो 'राबणे' नव्हे, 'अर्भक'!

अर्थाच्या बाबतीत मात्र आपल्याकडे अगदी जुळा शब्द आहे: वेठ. रोबोता म्हणजे कुळांनी जमीनदाराच्या शेतावर ठरावीक दिवस फुकट करायची सक्तीची मजुरी. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ती 1848 साली बंद झाली. 'वेठ' संस्कृत 'विष्टि'वरून आला, त्याला फारसी 'बिगार' जोडून वेठबिगार झाला. (कागदपत्र जसा, एकाच अर्थाचे दोन शब्द दोन घरांतून आणून बांधलेले.)

चेक लेखक कारेल चापेकने 1920 साली 'आर. यू. आर.' (रोसुम्स युनिव्हर्सल रोबॉट्स, हे नाटकातल्या कारखान्याचं नाव) हे नाटक लिहिलं. त्यातल्या कृत्रिम कामगारांना लॅटिनवरून 'लाबोरी' म्हणावं असं त्याच्या मनात होतं, पण ते त्यालाच पुस्तकी वाटलं. भाऊ योसेफ चित्र काढत होता. तोंडात कुंचला धरूनच तो पुटपुटला, मग रोबॉट म्हण. हा किस्सा खुद्द कारेलनेच नंतर सांगितला. ज्याच्या नावाने तो कारखाना चालतो तो रोबॉटचा संशोधक रोसुम, आणि हे नाव चेक 'रोझुम'वरून, म्हणजे बुद्धी. बुद्धी आणि वेठ, शंभर वर्षांपूर्वी एकाच पाटीवर!

आज हे नाव फार बोलकं वाटतं ते यामुळेच. रोबॉटने वेठ उचलावी आणि माणसाने डोकं चालवावं, अशी वाटणी सगळ्यांनी गृहीत धरली होती. प्रत्यक्षात भाषांतर, मसुदा, चित्र, प्रोग्रामचा कोड ही डोक्याची कामं एआयने आधी हाती घेतली. धुतलेल्या कपड्यांच्या ढिगातून एक सदरा ओढून त्याची नीट घडी घालणं मात्र यंत्राला अजून अवघड जातं. शिवाय त्या एआयला शिकवायला हजारो माणसं पडद्यापुढे बसून चित्रांवर खुणा करतात: हा सिग्नल, ही सायकल, हा माणूस. त्या कामाला मी तरी वेठ म्हणेन. मजुरी मिळते हे खरं, पण 'वेठ मारणे' या प्रयोगातली मन नसलेली उरकाउरक तीच.

वर्तमानपत्री वाक्यरचनेबद्दलही एक तक्रार नोंदवतो. 'रोबॉटने नोकऱ्या खाल्ल्या' यात कर्ता रोबॉट. 'रोबॉटमुळे नोकऱ्या गेल्या' यात तो नुसता निमित्त, आणि नोकऱ्या जणू पाय फुटून गेल्या. 'व्यवस्थापनाने रोबॉट बसवले आणि माणसं कमी केली' या वाक्यात निर्णय कुणाचा ते कळतं. तिन्ही वाक्यं व्याकरणाने शुद्ध आहेत. पहिल्या दोनांत एक माणूस पडद्याआड गेला आहे, इतकंच. आणि 'काम गेलं' व 'नोकरी गेली' यांची सरमिसळ नको. यंत्र बहुधा नोकरीतली दोन-चार कामं घेतं. उरलेल्या कामांची नोकरी राहते, मोडते की चौघांची एकाकडे येते, हे माणसं ठरवतात.

आता दुसरा प्रश्न. 'यंत्रमानव' सुबक शब्द आहे, पण गंमत बघा: चापेकचे रोबॉट मानवासारखे होते पण यंत्र नव्हते, ते कृत्रिम सजीव द्रव्यातून घडवलेले होते. उलट 1961 साली जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात साच्यातले तापलेले भाग उचलणारा 'युनिमेट' नावाचा रोबॉट यंत्र होता, मानव नव्हता. नुसता एक अजस्र हात! त्याला यंत्रमानव म्हणणं म्हणजे खुरप्याला शेतकरी म्हणणं. तेव्हा दोन पायांवर चालणारा, माणसाच्या घडणीचा असेल तर यंत्रमानव; बाकी सगळे रोबॉट. 'यंत्रसेवक' वगैरे नवे शब्द मला ओढूनताणून केलेले वाटतात.

रोबॉट पुल्लिंगी आहे आणि अनेकवचन तेच राहतं: एक रोबॉट, तीन रोबॉट. 'रोबॉट्स' लिहू नये.