डोळे ठीक, मग ‘धडा’चा ‘घडा’ का होतो?

“मॅडम, डोळे तपासून आणले. नंबर नाही. तरी वाचताना अक्षरं चुकतातच. लक्षच देत नाही हो!” दुसरी-तिसरीतल्या मुलांच्या आया हे सतत विचारतात, म्हणून त्यांतलं एक उदाहरण देते. ओळखीचे तपशील बदलले आहेत.

तिसरीतला मुलगा. ‘धडा’ला ‘घडा’ म्हणायचा, ‘भात’ला ‘मात’. आईला आधी हे पटवावं लागलं की नंबर नसणं म्हणजे वाचता येणं नव्हे. वाचताना डोळा ओळीवरून घसरत जात नाही. तो उडी मारतो, साधारण पाव सेकंद थांबतो, पुन्हा उडी मारतो. प्रत्येक थांब्यावर नजरेच्या मधली मोजकीच अक्षरं स्पष्ट दिसतात. ती ओळखायचं काम मेंदूच्या डाव्या अर्ध्यात, मागे खालच्या बाजूला चालतं. १८९२ साली देजेरीन या फ्रेंच डॉक्टरांनी मेंदूच्या याच बाजूला इजा झालेल्या एका रुग्णाची नोंद केली. त्याला लिहिता येई, पण स्वतः लिहिलेलंच वाचता येत नसे. मेंदूचा हा भाग अक्षरं शिकता शिकताच घडतो.

“म्हणजे सराव वाढवायचा?”
“आधी वही बघू या.”

वहीत ‘घर’ आणि ‘धडा’ यांचं पहिलं अक्षर हुबेहूब सारखं होतं. “पुन्हा लिही बरं.” त्याने ध अगदी व्यवस्थित काढला, पुढे ‘डा’ काढला आणि मग संपूर्ण शब्दावर एका दमात शिरोरेघ ओढली. ध बंद झाला, त्याचा घ झाला!

“वर काय होतं इथे?” बराच वेळ तो बघत राहिला. “फट होती. मीच बुजवली.”

सगळी गोम त्या फटीत होती. थ, ध, भ यांच्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटलेली असते. य, घ, म यांच्यावर ती सलग जाते. मूल गोलाई बघतं, खूण मात्र वर असते. रोज शेकडो वेळा स्वतःच्याच हाताने ती खूण पुसल्यावर मेंदूने दोन वेगळी अक्षरं शिकावीत कशी? आईने महिनोन्महिने घोटून घेतलेलं शुद्धलेखन हीच चूक पक्की करत होतं.

घरी रोज दहा मिनिटं पुरतात. शिरोरेघ अक्षरागणिक द्या, शब्दभर एकदम नको. एका वेळी एकच जोडी घ्या: धार-घार, धन-घन, ती चुकेनाशी झाली की मगच भार-मार, भान-मान. अक्षरं मोठी आणि सुटी हवीत, कारण दाटीत शेजारची अक्षरं एकमेकांना झाकोळतात. बोटाने गिरवताना उच्चार मोठ्याने व्हावा. शेवटी ‘धमा’, ‘घमा’, ‘भिधो’ असे निरर्थक शब्द वाचायला द्या. तिथे अंदाज चालत नाही.

‘शब्द चित्रासारखा लक्षात ठेव’ हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. चित्रं पाठ करणारं मूल नव्या शब्दापाशी अडतं. अक्षर आणि आवाज यांची गाठ पक्की झालेलं मूल तो शब्द फोडून वाचतं. रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांवरही पैसे घालवू नका. वाचनदोष त्यांनी जात नाही.

३ आणि ६ किंवा इंग्रजीतले बी-डी उलटे लिहिणं सहा-सात वर्षांपर्यंत सर्रास दिसतं. वस्तू उलटी फिरली तरी ती तीच, हे मेंदूला आधीपासून माहीत असतं. अक्षरांपुरतं ते विसरावं लागतं. पण तिसरी संपत आली तरी साधे शब्द अडत असतील, ‘कमळ’मधला पहिला आवाज काढून टाकल्यावर काय उरतं हे सांगता येत नसेल, किंवा घरात आणखी कुणाला असाच त्रास असेल, तर थांबू नका, अध्ययन अक्षमतेची रीतसर चाचणी करून घ्या.